ऐनवेळचा विषय

सीताफळाचा वास आला की मला राग येतो. हे काय बोलणं झालं, असं बायको म्हणते, आणि तिचं बरोबरच आहे. ज्याचं पोट सीताफळावर चालतं त्यानं असं बोलू नये. पण दसरा जवळ येतो, चौसाळ्याच्या पुढं हमरस्त्याच्या कडेला बाया टोपली मांडून बसायला लागतात, मोटारी करकचून ब्रेक मारून थांबायला लागतात, आणि माझं डोकं फिरायला सुरुवात होते. घरात कोपऱ्यात गोणपाटाखाली फळ पिकत पडलेलं असतं. सकाळी उठून न्हाणीकडं निघालो की तो दाट, गोड, जरासा आंबूस वास नाकात शिरतो. मग मी पुन्हा त्या सभेच्या मांडवात, तिसऱ्या रांगेत, सतरंजीवर मांडी घालून बसलेला असतो. तोंड उघडं आणि हात वर. पुढचं सांगीन, पण आधी यंदाचं सांगतो.

यंदा त्यात अश्विनीचा फोन आला. नांदूरघाटची पोरगी. ओळख ना पाळख, कुणाकडून तरी माझा नंबर घेतलेला. म्हणाली, "काका, आमी चौघी मिळून सीताफळाचा गर काढायचं काम सुरू करतोय. स्टार्टअप. तुमी लई वर्षं ह्याच्यात हायत म्हणून कळलं. मार्गदर्शन करता का आमाला?"

मी "बघू" म्हणालो. आमच्याकडं बघू म्हणजे न्हाई, हे लहान लेकरालाही कळतं. हिला कळलं नाही, किंवा कळूनही तिनं कानाआड केलं. "मग गुरुवारी येतो," म्हणाली आणि फोन ठेवला.

मार्गदर्शन! अलीकडं त्याची शिबिरं भरतात. तालुक्याच्या गावाला मोठा हॉल, स्टेजवर फेटे बांधलेली माणसं, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली. एकेक जण उठतो आणि पोरांना सांगतो, स्वप्नं मोठी बघा. अरे बाबा, स्वप्नं बघायला ती पोरं तुझ्याकडं कशाला येतील? ती घरी झोपून बघतील. त्यांना हवं असतं की फळ कुठल्या दिवशी तोडावं, बँकेच्या साहेबापुढं कसं बसावं, गिऱ्हाईक गोड बोलून माल परत कसा पाठवतं. हे कुणी सांगत नाही. सांगणाऱ्याला ते माहीतच नसतं, नाहीतर माहीत असून त्यानं ते घट्ट धरून ठेवलेलं असतं. मला मात्र हे सगळं सांगणारा माणूस भेटला होता. हातचं काही राखून न ठेवता त्यानं सांगितलं. माझं खरं दुखणं तेच आहे.

त्या दुष्काळाला आमच्या वयाचे लोक अजून 'तो दुष्काळ' असंच म्हणतात, साल सांगावं लागत नाही. कापूस गुडघ्याएवढा होऊन तसाच वाळला. विहिरीत वाकून बघितलं तर खाली गाळाला भेगा पडलेल्या. टँकर आला की गावभर घागरींचा आवाज उठायचा. जनावरं चारा छावणीला नेऊन बांधली होती, त्यामुळं गोठे मोकळे, आणि संध्याकाळी गावात एकही घुंगूर वाजत नसे. मला ती शांतता सगळ्यात वाईट वाटायची. आणि अशात बालाघाटाच्या उतारावर, खडकात, बांधावर, कुणी न लावलेली, कुणी पाणी न घातलेली सीताफळं हिरवीगार उभी. शेळीसुद्धा त्या पाल्याला तोंड लावत नाही. फळ त्या साली बारकं आलं, पण गोडी अशी की जीभ चिकटावी.

मी तेव्हा शेतीचं शिक्षण घेऊन गावात परत आलेलो होतो. नोकरी लागली नव्हती आणि लागावी असं मनातही नव्हतं. डोक्यात एकच किडा: फळ रस्त्यावर मातीमोल जातं, एका दिवसात पिकतं, दुसऱ्या दिवशी सडतं. त्याचा गर काढून गोठवला तर आइस्क्रीमवाले वर्षभर घेतील. आणि गर काढायला लागतील बाया. त्या बाया दिवाळीच्या सुमाराला नवऱ्याबरोबर लेकरं काखोटीला मारून ऊसतोडीला जातात. इथं काम मिळालं तर त्यातल्या काही घरांचं जाणं थांबेल. आता ह्याला स्टार्टअप म्हणतात, टाळ्या पडतात. तेव्हा गावात विचारायचे, "काय बे दिगू, एवढं शिकून रानमेवा इकणार का?"

हसले नाहीत ते एकटे अण्णा. अण्णा म्हणजे आमच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. पांढरं धोतर, पांढरी टोपी, चाळीसेक एकर रान, वाड्यावस्त्यांवर शब्दाला मान. मी त्यांच्या ओसरीवर जाऊन माझं सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फळ तोडायचं कवा, ते सांग."

मी पुस्तकातलं सांगितलं, इतके दिवस आणि तितके दिवस.

"उठ," म्हणाले. मला घेऊन डोंगराला गेले, भर उन्हात. एका झाडाखाली उभं केलं आणि फळावरचे खवले दाखवले. "हे डोळे. ह्या दोन डोळ्यांच्या मधली फट हिरवी हाय तवर हात लावायचा न्हाई. फट पिवळसर, पांढुरकी झाली की डोळे उघडले म्हणायचं. मग तोड. आदी तोडलंस तर पिकणार न्हाई, दगड होऊन काळं पडंल. उशीर केलास तर झाडावरच फुटंल, पाखरं खातील." मग स्वतः झाडाला हात घातला, एक तयार फळ तोडलं आणि माझ्या हातावर ठेवलं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

त्यांनी मला काय काय दिलं, ते आठवायला लागलो की कुठं थांबावं कळत नाही. खुर्चीत बसायला त्यांनी शिकवलं. तुम्ही हसाल. पण बँकेत मी खुर्चीच्या टोकावर बसायचो, आता उठायला सांगतील अशा बेतानं. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "मागं टेकून बसत जा. टोकावर बसलेल्याला सगळे उद्या ये म्हणतेत." दुसऱ्या खेपेला टेकून बसलो आणि साहेबानं खरंच चहा मागवला. कचेरीत शिपायाला नाव विचारून हाक मारायची, साहेबाला नाही, हेही त्यांचंच. माल परत आला तर गिऱ्हाइकाशी त्या दिवशी भांडायचं नाही, एक रात्र जाऊ द्यायची, हेही त्यांचंच. गर सालीला खरवडून काढू नको, सालीलगतचा कणीदार भाग गराला काळं पाडतो, हे तर त्यांनी स्वतः चमचा हातात घेऊन दाखवलं. हाताला काळे डाग पडले, ते त्यांनी धोतराला पुसले. तो डाग नंतर किती दिवस त्या धोतरावर दिसत होता.

दुष्काळानं दूध आटलं होतं, म्हणून दूध संस्थेची दूध थंड करायची खोली कुलूपबंद पडली होती. अण्णांनी ती मला उघडून दिली. वर म्हणाले, "नवी संस्था काढायची म्हणलास तर येरझारा घालण्यात हंगाम जाईल. आपल्या दूध संस्थेच्या नावाखालीच सुरू कर. नाव संस्थेचं, काम तुझं. कावून घाबरतोस, मी हाय ना!" मी कशाला घाबरेन? ज्या माणसानं मला डोळे ओळखायला शिकवलं, त्याच्यावर शंका घ्यायची म्हणजे पाप वाटायचं. मी त्यांच्या पाया पडलो आणि किल्ली कनवटीला लावली.

तो हंगाम! आता राग बाजूला ठेवून सांगतो, तसा हंगाम आयुष्यात पुन्हा आला नाही. सकाळी टेम्पोतून फळांचे कॅरेट उतरायचे. बाया डोक्याला टोप्या घालून, बांगड्या वर सारून, रांगेत बसायच्या. दोन अंगठे लावून फळ फोडायचं, चमच्यानं बियांसकट गर काढायचा, यंत्रात बिया वेगळ्या, गर पिशवीत, पिशवी फ्रीझरमध्ये. हात थांबायचे नाहीत आणि तोंडंही थांबायची नाहीत. त्यात कौसाबाई सगळ्यात पुढं. लग्न झाल्यापासून एकही हिवाळा तिनं गावात काढला नव्हता. उसाच्या फडावरच्या पालातच तिची बाळंतपणं झालेली. ती एकदा म्हणाली, "दिगूभाऊ, औंदा मी माझ्या घरात दिवाळीचा दिवा लावीन. लावून नुसती बघत बसीन." त्या साली तिनं ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली नाही. तिच्यासारख्या आणखी काही घरांनीही घेतली नाही. आणि दिवाळीला ती खरंच दारात दिवा लावून, गुडघ्याला हातांची मिठी घालून, बघत बसली होती. मी रस्त्यानं जाताना बघितलं. हाक मारावीशी वाटली नाही, तिला तिचं बघू दिलं.

लाइट गेली की माझा जीव टांगणीला लागायचा, गर वितळला तर सगळं मुसळ केरात. अण्णा स्वतः जीप काढून लाइनमनला शोधून आणायचे. पुण्याला आइस्क्रीमवाल्या शेटकडं पहिला माल घेऊन गेलो तेव्हाही तेच गाडी चालवत आले. शेटनं त्यांचा पोशाख बघून त्यांनाच नमस्कार केला आणि बोलायला सुरुवात केली. अण्णा हसून म्हणाले, "मला काय इचारता शेट? मी ड्रायव्हर. बोलायचं ते हा पोरगा बोलंल." केवढी मोठी गोष्ट! एवढ्या मानाचा माणूस, चारचौघांत स्वतःला ड्रायव्हर म्हणवून घेतो आणि मला पुढं करतो. मी बोललो. आधी अडखळलो, मग सुटलो. अण्णा शेजारच्या खुर्चीत टेकून बसले होते. निघताना शेट त्यांना दारापर्यंत सोडायला आला, आणि दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. परतीच्या वाटेवर मी जीपमध्ये गाणं म्हणत होतो.

आता सभेचं. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगतो. हंगामाच्या तोंडावर, पावसाळा सरताना, मांडव पडतो. सतरंज्या, एक कर्कश लाउडस्पीकर, आणि मांडवाच्या मागं आचारी. सचिव उभा राहून विषय वाचतो. वाक्य संपायच्या आत सभासद ओरडतात, "मंजूर!" पुढचा विषय. "मंजूर!" विषय कुणी ऐकत नाही. ऐकून करायचं काय, सगळं आधीच ठरलेलं असतं. सगळ्यांचे कान मागच्या कढईकडं. आणि सगळ्यात शेवटी, दर सभेला, एक वाक्य असतंच: माननीय अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे. तोवर अर्धी माणसं उठून चपला शोधत असतात.

हे मंजूर म्हणण्याचं कामही अण्णांनी मला शिकवलं होतं. "सभा लांबली की भांडणं निघतेत," म्हणायचे. "तू तिसऱ्या रांगेत बस. पैला आवाज तुझा. खणखणीत. एकानं म्हणलं की बाकीचे म्हणतेत." मला त्याचा अभिमान वाटायचा. चेअरमनचा भरवशाचा माणूस! पुढच्या सालच्या सभेला मी नवा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसलो. अहवाल, मंजूर. नफावाटणी, मंजूर. मागं बुंदी पडायला लागली होती आणि वास मांडवभर पसरला होता. लोक उठायला लागले. सचिव घाईनं वाचत होता. ऐनवेळचा विषय: संस्थेच्या सीताफळ प्रक्रिया केंद्राचं कामकाज संचालक मंडळास योग्य वाटेल त्या व्यक्तीस चालवण्यास देणे.

"मंजूर!" पहिला आवाज माझा. खणखणीत.

मी ऐकलंच नव्हतं. किंवा सीताफळ एवढा शब्द कानावर पडला, आणि आपलंच काहीतरी आहे म्हणून जास्तच जोरात ओरडलो. नंतर बुंदीही खाल्ली, दोनदा वाढून घेतली. अण्णांनी स्वतः पंगतीत फिरून वाढली. माझ्या पानासमोर आले तेव्हा म्हणाले, "घे बाळा, पोटभर घे."

त्या बुंदीची चव मला अजून येते, आणि आली की थुंकावंसं वाटतं.

आठवडाभरानं पहिलं फळ आलं. मी किल्ली घेऊन खोलीवर गेलो, तर कुलूप नवीन. माझी किल्ली आत जाईना. मी किती वेळ तिथं खटपट करत राहिलो! कुलूप गंजलं असेल म्हणून तेल आणायला निघालो होतो, बोला. तेवढ्यात अण्णांचा पुतण्या मोटरसायकलवर आला, नवी किल्ली बोटात फिरवत. माझ्याकडं बघून नुसता हसला आणि दार उघडून आत गेला.

मी तसाच अण्णांच्या ओसरीवर. ते बशीत चहा ओतत होते.

"अण्णा, कुलूप कुणी बदललं?"

"ये, बस. च्या घे."

"च्या नगं. कुलूप."

"अरे, सभेत ठराव झाला न्हाई का? मंडळाला योग्य वाटंल त्याला चालवाय द्यायचं म्हणून."

"आन मंडळाला कोन योग्य वाटलं?"

त्यांनी बशी तोंडाला लावली, संपवली, खाली ठेवली. मग माझ्याकडं बघून, अगदी मायेनं म्हणाले, "तू तर तिथंच होतास की बाळा. पैला आवाज तुझाच आला."

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. असती तर मी भांडलो असतो. ते मला समजावत होते, एखाद्याला हिशेबातली साधी चूक दाखवावी तसं. "हे बघ, निवडणूक तोंडावर हाय. पुतण्या पलीकडच्या पॅनलला चाललाय. त्याच्या हाताला काय तरी द्यावं लागतंय, न्हाईतर घर फुटतंय. तुझं काय? तू शिकलेला हायस. कुठंबी हुबा राहशील. मीच शिकवलंय तुला."

मीच शिकवलंय तुला. म्हणजे शिकवलं होतं म्हणून काढून घेता येत होतं! ह्या माणसानं मला दोन हात दिले, आणि तुला दोन हात आहेत ना, मग असू दे, म्हणून माझ्या पुढ्यातलं ताट उचललं. आणि मी? खाली वाकलो, त्यांच्या पाया पडलो, सवयीनं, आणि घरी आलो. त्या पाया पडण्याची मला सभेतल्या ओरडण्याहून जास्त लाज वाटते.

पुण्याच्या शेटला फोन केला. तो म्हणाला, "अहो, माल येतोय की. अण्णांचा फोन होता." पुतण्यानं बायांचं काम बंद केलं, बाहेरचा ठेकेदार आणला, गर कसातरी खरवडून काळा केला, आणि दोन हंगामांत तेही बुडवलं. मला त्याचा आनंदसुद्धा नीट झाला नाही. कारण कुलूप बदललं त्याच साली, दिवाळीच्या आधी, पहाटे, ऊसतोडीचा ट्रॅक्टर भरत होता. कौसाबाई वर बसली होती, पुढ्यात भांड्यांचं गाठोडं. तिनं मला बघितलं. "दिगूभाऊ," म्हणाली, "ते तुमी काय वरडलात म्हनं सभेत?" गावात सगळ्यांना कळलं होतं. ट्रॅक्टर निघाला. तिच्या दाराला कुलूप होतं आणि उंबऱ्याशी मागच्या साली लावलेल्या दिव्याचा तेलकट डाग तसाच होता.

पुढं मी उभा राहिलो. अण्णा खोटं बोलले नव्हते, त्यांनी शिकवलेल्यावरच उभा राहिलो. चौसाळ्याच्या पुढं रस्त्यालगत पत्र्याचं शेड टाकलं. बाया आल्या, कौसाबाईही चार सालांनी आली, आणि तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. पण रोज सकाळी फळ हातात घेतलं की त्यांचेच शब्द. माणसाशी बोलायला लागलो की त्यांचाच सूर. ज्यानं फसवलं त्याचीच भाषा तोंडात घेऊन जगायचं, ह्याला काय म्हणतात मला माहीत नाही. नुसता ठक असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण त्यांनी डोंगरावर भर उन्हात नेलं होतं, ते खरं होतं. मी त्यातलं खोटं शोधायला लई वर्षं घालवली, सापडलं नाही.

दोन सालांमागं कपिलधारला दर्शनाला गेलतो. पाऊस नव्हता, धबधब्याच्या जागी नुसता काळा कातळ. पायऱ्यांवर अण्णा भेटले. थकलेले, काठी टेकत. मनात कितीतरी वर्षं घोकून ठेवलेलं होतं, भेटले की काय बोलायचं ते. त्यांनी डोळे बारीक करून ओळखलं आणि विचारलं, "फळ कसं हाय औंदा?"

आणि मी सांगत सुटलो! उभ्या उभ्या. कुठल्या उतारावर बहर चांगला, कुठं गळ झाली, नवं यंत्र कसं चालतंय, दर काय. ते मान हलवत होते, मधेच एखादा नेमका प्रश्न विचारत होते. मी परीक्षेला बसल्यासारखा उत्तरं देत होतो, शाबासकीची वाट बघत. ते म्हणाले, "ब्येस. डोळे उघडू दे, मग तोड." आणि काठी टेकत वर गेले. मी खाली येऊन गाडीत बसलो आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. रागानं रडलो, दुसरं काही नाही.

अशा माणसाकडं ती अश्विनी मार्गदर्शन मागायला आली, गुरुवारी, सांगितल्याप्रमाणं. बरोबर तिघी मैत्रिणी. मी ठरवलं होतं, चहा पाजायचा आणि वाटेला लावायचं. चहा झाला. अश्विनीनं पिशवीतून एक फळ काढलं. कच्चं, हिरवंगार, घाईनं तोडलेलं. "हे चार दिस झाले पिकंना, काका. कावून?"

मला राहवलं नाही. "उठा," म्हणालो. चौघींना उतारावर घेऊन गेलो, झाडाखाली उभं केलं, डोळे दाखवले. बोलता बोलता कळत होतं की हे मी बोलत नाही, अण्णा बोलतायत, तोच ठेका, तेच "दगड होऊन काळं पडंल". जीभ चावून थांबावंसं वाटलं. पण मी थांबलो असतो तर त्या पोरींनी पुढच्या खेपेलाही कच्चंच तोडलं असतं. मी सगळं सांगितलं. सालीलगतचा गर. माल परत आला तर एक रात्र. खुर्चीत मागं टेकून. काहीसुद्धा राखून ठेवलं नाही. पोरी ऐकताना एकमेकींकडं बघून डोळे मोठे करत होत्या, आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. हे बरं वाटणंच वाईट असतं.

निघताना चौघींनी पायात चपला घातल्या. आणि अश्विनी दारात थांबून म्हणाली, "अन् काका, एक राहिलंच. आमच्या कंपनीचे अध्यक्ष तुमी व्हा ना. बँकेत पोरी बघून कुनी उभं करत न्हाई. नाव तुमचं, काम आमी करू."

बाकीच्या तिघी हसत, टाळ्या वाजवत ओरडल्या, "मंजूर! मंजूर!"

त्यांना काय माहीत बिचाऱ्यांना. त्यांनी बापाला, काकाला कुठल्यातरी मांडवात ओरडताना ऐकलं असेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मला हवंसं वाटलं. पाटीवर माझं नाव दिसलं. पुण्याला सगळे मला दारापर्यंत सोडायला येताना दिसले. पोरींचं भलंच करीन की मी, असं मनात आलं. अण्णांच्याही मनात पहिल्या दिवशी एवढंच आलं असेल.

"चपला काढा," मी म्हणालो. "आत या. बसा."

त्या घाबरल्या. बसल्या.

"आता तो विषय परत सांग. सावकाश."

अश्विनी अडखळत म्हणाली, "अध्यक्ष तुमी व्हा. नाव तुमचं…"

"नाव माझं झालं, तर तुमच्या खोलीचं कुलूप मला बदलता येतंय. उद्या माझ्या घरात भांडण निघालं, कुणाच्या तरी हाताला काही द्यावं लागलं, तर तुमचं काम उचलून देता येतंय. तुमचीच शिकवणी घेतली म्हणून वर तुमालाच समजावता येतंय. कळलं? आता म्हणा मंजूर."

कुणी म्हणालं नाही. मग मी त्यांना सगळं सांगितलं, सभा, बुंदी, कुलूप, सगळं. आजवर बायकोलाही इतकं सलग सांगितलं नव्हतं. ऐकून झाल्यावर अश्विनी हळूच म्हणाली, "मग अध्यक्ष मीच होते." "हो की," मी म्हणालो, "कोन नगं म्हणतंय!"

परवा त्यांचा पहिला माल घेऊन पुण्याला गेलो. गाडी माझी, चालवायला मी. नव्या एका आइस्क्रीमवाल्याच्या दारात थांबवली. अश्विनी म्हणाली, "चला की काका आत."

"मी ड्रायव्हर."

"ड्रायव्हरबी येतेत च्या प्यायला."

"ह्यो न्हाई येत. जा."

त्या गेल्या. आणि मला कळलं की हे किती अवघड आहे. पोरगी भाव चुकीचा सांगेल, घाबरेल, तो शेट तिला गुंडाळेल, असं वाटून मी दोनदा गाडीतून खाली उतरलो आणि दोनदा परत बसलो. काचेच्या दारातून तिची पाठ दिसत होती. खुर्चीत मागं टेकून बसली होती. ते बघून मात्र मी पुन्हा उतरलो नाही.

बऱ्याच वेळानं चौघी बाहेर आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. "झालं?" मी विचारलं.

"झालं."

"काय ठरलं?"

अश्विनीनं मैत्रिणींकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सांगते की काका. आदी आमी आमच्यात बोलतो, मग तुमाला सांगते."

मला लागलं, नाही म्हणत नाही. मी शिकवलं, मी आणलं, आणि मला नंतर! तोंडावर आलेलं गिळलं आणि गाडी सुरू केली. मागच्या सीटवर त्या हळू आवाजात बोलायला लागल्या. मला शब्द ऐकू येत नव्हते, आणि मी कान दिला नाही. गाडीत फळाचा वास भरला होता.

अण्णा, एवढंच तर होतं हो. तुम्हाला फक्त गाडीत बसून राहायचं होतं.